सिंहासनाच्या शेजारी



दुर्गा खोटे यांच्याविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्याचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : चित्रपटात आलेली पहिली कुलीन, सुशिक्षित स्त्री. त्यापुढे ‘अयोध्येचा राजा’चे नाव येते, 1932 हे साल येते, मग पद्मश्री आणि दादासाहेब फाळके पुरस्कार यांचा उल्लेख होतो आणि लेख संपतो. त्या पहिल्या वाक्याबद्दल मला आज बोलायचे आहे. दोनशेच्या आसपास चित्रपट, मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या भूमिका, स्वतःची निर्मितिसंस्था, असे पन्नास वर्षांचे काम या बाईंनी केले आणि आपण मात्र त्या कुठल्या घरातून आल्या एवढेच लक्षात ठेवले. त्या आल्या कुठून हे महत्त्वाचे आहेच, पण आल्यावर त्यांनी काय केले, याचा विचार आपल्या नाट्यचित्रसमीक्षेने फार कमी केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की दुर्गाबाईंच्या कामाला एक अंतःसूत्र आहे, ते ‘कुलीन’ या शब्दाने झाकले गेले आहे, आणि पडदा व रंगमंच या दोन्ही ठिकाणच्या भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या तरच ते दिसते.

आधी त्या शब्दाकडे पाहू. दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905 रोजी मुंबईतल्या लाड कुटुंबात झाला. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर. शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात. लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात झाले. पुढे सासरची आर्थिक स्थिती खालावली आणि मिळवते होणे भाग पडले. विशी ओलांडून थोडीच वर्षे झाली असताना वैधव्य आले आणि दोन मुलगे वाढवायची जबाबदारी एकटीवर पडली. या सगळ्यात ‘पहिली’ म्हणण्यासारखे नेमके काय आहे? भारतीय चित्रपटात स्त्री त्यांच्याआधी अठरा वर्षे आलेली होती. फाळक्यांच्या 1913 सालच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे नंतरच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी काम केले. नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत राहते आणि तिथून कॅमेऱ्यासमोर उभी राहते, यासाठी लागलेले धैर्य कोणत्या मोजमापाने कमी भरते? कमी भरत नाही. मग ‘पहिली कुलीन’ याचा अर्थ उरतो तो एवढाच, की पैसा, इंग्रजी शाळा, वकिलाचे घर आणि बंगला ज्यांच्या मागे होता अशांपैकी पहिली. वर्गाबद्दलचे हे विधान आपण नीतीबद्दलचे विधान म्हणून वाचत आलो. त्यात एकीचा गौरव करताना तिच्या आधी आलेल्या सगळ्याजणींवर नकळत ठपका ठेवला जातो. दुर्गाबाईंच्या गौरवासाठी हा ठपका ठेवायची मुळीच गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. त्या काळात सिनेमाला जी अप्रतिष्ठा होती ती खरी होती, एका सॉलिसिटरच्या मुलीने तोंडाला रंग लावल्यावर घराला काय सोसावे लागले असेल याची आज कल्पना करणे अवघड आहे, आणि तिच्यामागून शोभना समर्थ, लीला चिटणीस, वनमाला यांच्यासारख्या शिकलेल्या मुली आल्या हाही इतिहास आहे. 1931 सालच्या ‘फरेबी जाल’मधल्या छोट्या भूमिकेने दुर्गाबाईंना आणि त्यांच्या माहेराला किती मनस्ताप दिला हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितलेच आहे. हे सगळे मी मानतो. समाजाचा इतिहास लिहिताना हे पहिल्या पानावर यावे. पण दरवाजा कोणी उघडला हा समाजेतिहासाचा प्रश्न झाला. कलेच्या इतिहासाला आत शिरल्यावर काय घडले ते विचारावे लागते, आणि या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर देऊन आपण मोकळे झालो आहोत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मराठी प्रेक्षकासमोर कुलीन स्त्री 1932 साली प्रथमच आली असे नाही. ती गेली कित्येक वर्षे रंगमंचावर वावरत होती, आणि ती पुरुषाने उभी केलेली होती. बालगंधर्वांची रुक्मिणी, भामिनी, सिंधू यांच्या चालण्याबोलण्यावरून, शालू नेसण्याच्या रीतीवरून घरंदाज बायका आपले वागणे बेतत होत्या. घरंदाजपणाचे जे दृश्य रूप प्रेक्षकाच्या मनात ठसले होते ते एका नटश्रेष्ठाची निर्मिती होती. पडद्यावरही तोच प्रकार. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके यांनी केली होती. एकोणीस वर्षांनी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात तीच कथा बोलपटासाठी निवडली आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई आल्या. अभिनेत्री म्हणून त्यांच्यापुढचा खरा पेच इथे होता. प्रेक्षकाच्या डोळ्यांत राणीचे एक तयार रूप होते. लाडिक, नाजूक, मान किंचित कललेली, स्वर मुरके घेणारा. त्या रूपाची नक्कल करायची, की स्वतःच्या अंगाने उभे राहायचे?

त्या स्वतःच्या अंगाने उभ्या राहिल्या. सुदैवाने हे आपल्याला आजही तपासता येते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ हरवला, ‘अयोध्येचा राजा’ उरला आहे. 6 फेब्रुवारी 1932 रोजी तो मुंबईत लागला, तेव्हा बोलपट येऊन वर्षही झाले नव्हते. मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या प्रभातने तेव्हा काढल्या, म्हणजे एकच प्रसंग दोन भाषांत, दोनदा करायचा. पार्श्वगायन नव्हते. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा संगीतातला जाणकार हरिश्चंद्र म्हणून समोर, संगीतही त्यांचेच, आणि तारामतीची अंगाई दुर्गाबाईंनी स्वतः गायची. त्या गळ्याला बैठकीची तयारी नाही हे ऐकताक्षणी कळते. पण ते गाणे आईचे वाटते, गायिकेचे वाटत नाही, आणि त्या प्रसंगाला तेच हवे होते. बोलण्याचेही तसेच. चित्रपटातली इतर बरीच मंडळी नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याच्या सवयीने बोलतात. दुर्गाबाईंना ती सवयच नव्हती, त्यामुळे त्या माईकच्या अंतरावरून बोलतात. रंगभूमीचा अनुभव नसणे हे नटीचे उणेपण मानले जाते. इथे त्या उणिवेने बोलपटाला त्याचा सूर सापडायला मदत केली. शरीरही तसेच : उंच, ताठ, हातवारे मोजके. काशीच्या बाजारात विकली जाणारी तारामती दासी होते तेव्हा तिचे कपडे बदलतात, उभे राहणे बदलत नाही. राज्य गेले तरी राणीपण कुठे उरते, हे त्या एका पाठीच्या कण्यातून सांगतात.

अंतःसूत्र म्हणालो ते इथून सुरू होते. तारामतीचे राज्य तिचे नव्हतेच. ते नवऱ्याचे, त्याने शब्दासाठी देऊन टाकलेले. देण्याचा निर्णय त्याचा, भोगायचे तिने. सत्तेच्या शेजारी उभी असलेली, सत्ता हातात नसलेली आणि तिची किंमत मात्र मोजणारी स्त्री. आता पुढच्या दहा-अकरा वर्षांतल्या ठळक भूमिका क्रमाने आठवा. ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी होतात, जिच्या दरबारात योगी मच्छिंद्रनाथ गुंतून पडतो. कलकत्त्याला देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ येतात. एकीने राजवाडा सोडलेला, दुसरीला राजाने सोडलेले. ‘सीता’ 1934 साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. दोन वर्षांनी पुण्यात प्रभातच्या ‘अमर ज्योती’त शांतारामबापूंनी त्यांना सौदामिनी दिली. स्वतःच्या मुलाचा ताबा राज्याच्या कायद्याने नाकारल्यावर ही बाई समुद्रावर जाते, चाचेगिरी पत्करते आणि राज्यावर सूड उगवते. 1942 साली ‘भरत भेट’मध्ये कैकेयी. 1943 साली सोहराब मोदींच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये मृणालवती, म्हणजे भावाच्या गादीमागची खरी कठोर इच्छाशक्ती. ही यादी मी निवडून केलेली आहे, हे कबूल करतो. यांच्या अधेमधे इतरही कामे झाली. पण एखाद्या नटीच्या वाट्याला तिच्या ऐन उमेदीच्या काळात जी मोठी कामे येतात त्यांतली बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत असतील, तर तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

सौदामिनी आणि कैकेयी या दोघींवर जरा थांबतो. सौदामिनीची भूमिका कागदावर भडक आहे. सूड, जहाज, तलवार, बंदिवान मंत्री, स्त्रीच्या गुलामीवरची भाषणे. दुसऱ्या कुणी ती केली असती तर आरडाओरड झाली असती. दुर्गाबाईंनी तिला थंड केले. तिचा राग जुना झालेला आहे, रोजच्या वापरातला झालेला आहे, अशा रीतीने त्या बोलतात. त्यामुळे मुलाचा विषय निघतो तेव्हा त्या थंडपणाला पडणारी चीर दिसते. कैकेयीचे आव्हान वेगळे. रामकथा ऐकत वाढलेला प्रेक्षक तिचा तिरस्कार घरून घेऊनच थिएटरात येतो. खलनायिका रंगवणे सोपे, कारण प्रेक्षक आधीच तयार. दुर्गाबाईंच्या कैकेयीत अपमानाची भीती दिसते : उद्या कौसल्येच्या मुलाच्या राज्यात आपण कोण, हा धास्तावलेला हिशेब. चित्रपटाचा कल अर्थातच भरताच्या आणि रामाच्या बाजूला आहे, पण कैकेयीच्या पश्चात्तापाला जे वजन आले ते तिच्या आधीच्या भीतीमुळे आले. बंगालच्या चित्रपत्रकार संघाने या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला.

कोणी म्हणेल, यात सूत्र वगैरे काही नाही. बाई उंच होत्या, नाक सरळ होते, चेहरा राणीचा होता, म्हणून राण्या मिळाल्या. हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण ज्या वर्षाच्या आगेमागे त्या कैकेयी करतात, त्याच काळात, 1941 साली, आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त त्या सुनेला छळणारी सासू होतात. तिथे महाल नाही, मुकुट नाही. माजघर आहे आणि सून आहे. सत्तेचे सिंहासन इथे एवढेसे आहे, पण ते राखण्याची धडपड कैकेयीइतकीच कडवी. राजघराण्याच्या चेहऱ्याने हे जमत नाही. सत्तेच्या आसपास राहणाऱ्या बाईचे मन कसे चालते याची समज लागते, आणि ती माजघरापासून राजवाड्यापर्यंत सारखीच कामाला येते. या भूमिकेलाही बंगालच्या त्याच संघाने पुरस्कार दिला. लागोपाठ दोन वर्षांचे हे दोन पुरस्कार राणीपणाच्या दिखाव्याला मिळाले असे म्हणवत नाही.

भूमिका निवडता येण्यासाठी नटाच्या हाती काहीतरी असावे लागते. तीस-चाळीसच्या दशकांत नट-नटी कंपनीच्या पगारावर असत. महिन्याचा पगार, कंपनी सांगेल ते काम, बाहेर जायची बंदी. दुर्गाबाई या पद्धतीत अडकून राहिल्या नाहीत. प्रभातमध्ये नाव झाल्यावर त्या कलकत्त्याला गेल्या, परत प्रभातकडे आल्या, मग मुंबईच्या प्रकाश पिक्चर्सकडे, मोदींच्या मिनर्व्हाकडे. कराराने स्वतंत्रपणे काम करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत त्यांची गणना होते. 1937 साली ‘साथी’च्या निर्मितीत त्या उतरल्या. पन्नासच्या दशकात त्यांनी माहितीपट आणि जाहिरातपट काढणारी संस्था उभारली, आणि पुढे दूरदर्शनवर 1988 साली घरोघरी पाहिली गेलेली ‘वागले की दुनिया’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची होती. ‘कुलीन’ या शब्दाने झाकलेली ही दुसरी बाजू. त्या शब्दात एक गृहीत असते, की घरंदाज बाई कलेसाठी उपकार केल्यासारखी आली. या बाई पोटासाठी आल्या, मुलांच्या शिक्षणासाठी आल्या, आणि कामाचा मोबदला, कराराच्या अटी, स्वतःच्या नावाची किंमत हे सगळे त्यांनी व्यवसाय म्हणून सांभाळले. त्यांच्या प्रतिष्ठेचा उगम मला या व्यावसायिकपणात दिसतो, वडिलांच्या घराण्यात तितका दिसत नाही.

आता रंगभूमीकडे. साधारण क्रम असा, की नट रंगमंचावर घडतो आणि पडद्यावर जातो. दुर्गाबाईंचा प्रवास उलटा आहे. पडद्यावर सर्व काही मिळाल्यावर, वयाच्या चाळिशीच्या आसपास, चित्रपट जेव्हा नटीला आईच्या लुगड्यात गुंडाळायला लागतो तेव्हा, त्या रंगभूमीवर आल्या. इप्टा या नाट्यसंघटनेशी त्यांचा संबंध होता, आणि मुख्य म्हणजे डॉ. अ. ना. भालेराव यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीत त्या सामील झाल्या. ‘आंधळ्यांची शाळा’ने 1933 साली स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याची वाट रुळवली होती, पण जुन्या गद्य नाटकांतल्या मोठ्या स्त्रीभूमिका, ज्या मुळात पुरुषांनी केल्या होत्या, त्या स्त्रीने पुन्हा करून दाखवायचे काम अजून बरेचसे बाकी होते. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे त्यांतले अग्रगण्य. नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई आनंदीबाई. ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून जिला महाराष्ट्राने पिढ्यान्पिढ्या बोल लावला, जिच्यावरचा तो आरोप दंतकथेनेच पक्का केला, ती बाई. पेशवाईच्या गादीवर हक्क नवऱ्याचा, धरसोडही नवऱ्याची, आणि जिद्द बायकोची. कैकेयीनंतर ही भूमिका येणे अगदी स्वाभाविक वाटते. आणि 1954 साली शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’चे ‘राजमुकुट’ केले, तेव्हा पुन्हा फाटकांसमोर दुर्गाबाईच उभ्या होत्या, लेडी मॅकबेथच्या जागी. वय 49. त्या वर्षांत हिंदी पडद्यावर त्यांना बहुतांशी मुलांची लग्ने जुळवायची आणि देवापुढे दिवे लावायची कामे येत होती. गादीसाठी खून घडवणारी, आणि मग झोपेत हात धुणारी बाई त्यांना मराठी रंगमंचाने दिली.

यावर कोणी विचारील, की या नाट्यप्रयोगांचे आज काय उरले आहे? चित्रफीत नाही, प्रयोग कसा झाला हे आठवणींवरून सांगायचे, आणि आठवणी प्रेमळ असतात. खरे आहे. म्हणूनच त्या भूमिका त्यांनी किती प्रभावीपणे केल्या, याविषयी मी काही दावा करत नाही. मी फक्त त्यांच्या निवडीकडे बोट दाखवतो. त्यांना पैशासाठी रंगभूमीची गरज नव्हती. पडद्यावर काम होते, नाव होते. गिरगावातल्या हौशी-व्यावसायिक मंडळींबरोबर महिनोन्‌महिने तालमी करून मोजक्या प्रयोगांसाठी उभे राहायचे, तर त्यामागे काही भूक असावी लागते. आणि ती भूक कुठल्या भूमिकांनी भागवली, हे आपल्यासमोर आहे. निवड हाही पुरावाच असतो, आणि नटाच्या बाबतीत कधीकधी तो चित्रफितीपेक्षा बोलका असतो, कारण चित्रफितीत दिग्दर्शकाची, संकलकाची, छायालेखकाची भागीदारी असते.

सर्वांत मोठा आक्षेप अजून बाकी आहे. पन्नासपासून पुढची पंचवीस-तीस वर्षे या बाईंनी आईच्या भूमिका केल्या. सोशिक आई, विधवा आई, आजी, मावशी. सूत्र इथे तुटत नाही का? बऱ्याच ठिकाणी तुटते. यातल्या अनेक चित्रपटांत बघण्यासारखे काही नाही, आणि दुर्गाबाईंच्या वाट्याला आलेल्या कामांत त्यांची ताकद वाया गेली, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे. हिंदी चित्रपटसृष्टीने चाळिशी ओलांडलेल्या बुद्धिमान नटीचे काय करायचे याचा विचारच केला नाही. हे अपयश नटीच्या खाती मांडणे अन्याय होईल. तरीही त्या गर्दीत काही कामे वेगळी निघतात. 1973 सालच्या ‘बॉबी’तली गोव्याची ख्रिस्ती मिसेस ब्रॅगान्झा पाहा. मालकाच्या मुलाला अंगाखांद्यावर वाढवलेली, त्याच्यावर माया असलेली आणि त्या बंगल्यात आपली पायरी कोणती हे नेमके ओळखून असलेली बाई. मायेचा हक्क आणि नोकरीची मर्यादा यांच्यामधली ती अवघडलेली जागा त्यांनी फार थोडक्यात दाखवली आहे. ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले तेव्हा वय सत्तरीच्या घरात होते.

आणि मग ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई, 1960. अकबराची भूमिका करणारे पृथ्वीराज कपूर ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ यांतही त्यांच्यासोबत होते. पंचवीसेक वर्षांनी ही जोडी पुन्हा एका सिंहासनाच्या दोन बाजूंना आली. पृथ्वीराज गरजतात, चित्रपटभर त्यांचा आवाज घुमतो. दुर्गाबाई त्या आवाजाशी स्पर्धा करत नाहीत. दोन्ही बाजूंनी ओढ बसत असलेल्या बाईला आवाज चढवण्याची मुभाच नसते, हे त्यांनी ओळखलेले आहे; बादशहासमोर त्या आर्जवाने बोलतात, मुलासमोर आज्ञेने, आणि एकट्या असतात तेव्हा काहीच बोलत नाहीत. एक बाजू धरली की दुसरी जाणार, नवरा किंवा मुलगा. मुलाविरुद्ध लढाईला निघालेल्या नवऱ्याच्या हाती तलवार द्यायची वेळ येते, तेव्हा त्या चेहऱ्यावर जे चालते ते पाहताना कोल्हापुरातल्या चित्रीकरणाची आठवण येते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या स्मशानात राजाज्ञेने उगारलेली तलवार नवऱ्याच्या हातात होती आणि मान तारामतीची होती. इथे तलवार तीच बाई आपल्या हातांनी पुढे करते.